चार विधेयके आणि एक सभासद



आपल्या जालना जिल्ह्यातून विधानसभेवर पाच आमदार निवडून जातात. ते कोणाच्या लग्नाला आले, कोणत्या गावच्या सभामंडपाला त्यांनी निधी दिला, कोणत्या रस्त्याचे नारळ फोडले, याची खडानखडा माहिती मोंढ्यातल्या हमालापासून वकिलापर्यंत सर्वांस असते. पण अधिवेशन सुरू झाले आणि आमदार मुंबईस किंवा नागपुरास गेले, की ते तेथे काय करतात हे विचारणारा माणूस विरळा. कोणते विधेयक आले, त्यातल्या कोणत्या कलमावर आपला माणूस बोलला, कोणती उपसूचना त्याने दिली, हे आपण पुसत नाही. वस्तुतः विधान म्हणजे कायदा. कायदा करावयाची सभा ती विधानसभा. ज्या कामासाठी माणूस पाठविला, त्या कामाचाच हिशेब आपण घेत नाही, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळेशी माझा संबंध लवकर संपला. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. कायद्याचा कागद कामगाराच्या पोटाशी कसा येऊन भिडतो, हे रोज पाहत आलो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एका सभासदाचे सभागृहातील काम निवडले आहे. ते सभासद म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात एक साधे सभासद होते, मंत्री नव्हते, त्यांच्यापाशी बहुमत नव्हते, आणि तरीही त्यांनी तेथे विधेयकांवर जे काम केले ते प्रत्येक मतदाराने वाचण्यासारखे आहे. ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतील चार विधेयकांची हकीकत मी आज सांगणार आहे. एक मंजूर झाले, एक परत घ्यावे लागले, एक तसेच पडून राहिले, आणि चौथ्याला त्यांनी कसून विरोध केला असताही ते मंजूर झाले. चार विधेयके, चार गती.

प्रथम विधेयक कसे चालते ते थोडक्यात पाहू; कारण ही वाट माहीत नसली तर पुढचे कळणार नाही. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. मंत्री मांडतो ते सरकारी विधेयक. मंत्री नसलेला सभासद मांडतो ते खाजगी विधेयक. आधी मांडण्याची परवानगी मागावयाची. नंतर पहिले वाचन. त्यात विधेयकामागचे तत्त्व मान्य आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. तत्त्व मान्य झाले म्हणजे पुष्कळदा ते सिलेक्ट कमिटीकडे जाते. तेथे थोडे सभासद बसून कलम न् कलम तपासतात. कमिटीचा अहवाल आला म्हणजे दुसरे वाचन; त्यात एकेका कलमावर चर्चा, उपसूचना आणि मतदान. शेवटी तिसरे वाचन, आणि मग गव्हर्नरची, आजच्या काळात राज्यपालांची, संमती.

ही वाट लांब आहे आणि तिच्यावर खड्डे पुष्कळ आहेत. विधेयकाच्या विरुद्ध उघड मत देणे हा ते पाडण्याचा सर्वांत सरळ मार्ग. परंतु त्याला चर्चेस वेळच न देणे, कमिटीत त्याची मुख्य कलमे छाटून टाकणे, लोकमत अजमावण्याच्या नावाखाली ते वर्षभर फिरवत ठेवणे, हेही मार्ग आहेत. आणि ते अधिक वापरले जातात. ज्याच्यामागे बहुमत नाही, त्या सभासदाला या सर्व खड्ड्यांतून आपली गाडी हाकावी लागते.

डॉ. आंबेडकर १९२७ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात आले, ते निवडून नव्हे, सरकारनियुक्त सभासद म्हणून. कौन्सिलाचे पावसाळी अधिवेशन त्या काळी पुण्यास भरत असे. १९२८ च्या जुलै महिन्यात अशाच अधिवेशनात पहिले विधेयक चर्चेस आले. ते आंबेडकरांनी मांडलेले नव्हते. मुंबईचे सभासद आसवले यांनी ते मांडले होते. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे विश्रांती मिळावी आणि त्या काळात त्यांचे उत्पन्न अगदीच बुडू नये, एवढीच त्यातली मागणी. त्या वेळी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला तो संप ऑक्टोबरपर्यंत चालला. म्हणजे बाहेर गिरण्यांची धुराडी थंड, आणि आत कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणीचा प्रश्न.

२८ जुलै १९२८ रोजी आंबेडकरांनी या विधेयकास पाठिंबा देणारे भाषण केले. त्यातला युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून याचा मोठा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे तत्त्व होते. परंतु सरकार आज तयार नाही, म्हणून मालकाला मोकळे सोडावे हे त्यांना मान्य नव्हते. मालक काही विशिष्ट कामांवर बायकाच का ठेवतो? त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. ज्याने फायदा घ्यावयाचा त्याने थोडा भारही घ्यावा. या मांडणीत दयाधर्माची याचना नाही. हा सरळ जमाखर्च आहे. मला तर वाटते, कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे भाषण एकदा तरी वाचावे.

हे विधेयक मंजूर झाले आणि १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूति-लाभाचा कायदा आला. अशा प्रकारचा हिंदुस्थानातला हा पहिलाच प्रांतिक कायदा. दररोज आठ आणे हा त्यातला दर. आज आठ आण्यांचे हसू येईल. परंतु आठ आण्यांपेक्षा मोठी गोष्ट ही की, बाळंतपण ही बाईची खाजगी अडचण नसून तिच्यावर मालकाचेही काही देणे लागते, हे कायद्याच्या कागदावर आले. पुढल्याच वर्षी मध्यप्रांतात, म्हणजे आपला विदर्भ ज्यात होता त्या प्रांतात, तसाच कायदा झाला. सबंध देशासाठी कायदा व्हावयास १९६१ साल उजाडले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली.

दुसरे विधेयक आंबेडकरांचे स्वतःचे. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी ते मांडले. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात, म्हणजेच वतन कायद्यात, दुरुस्ती करणारे हे विधेयक होते. महार वतन म्हणजे काय, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. सारा वसुलीच्या वेळी हाकारा घालावयाचा, सरकारी टपाल पोहोचवावयाचे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीस राहावयाचे, गावची राखण करावयाची, मेलेले जनावर ओढावयाचे. कामाला ना वेळ, ना यादी. वतनदार गावात नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला हजर व्हावे लागे. मोबदला काय, तर इनामाचा जमिनीचा तुकडा आणि गावकरी देतील ते बलुते. तुकडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी चिंधीएवढा झालेला, आणि बलुते देणे न देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर. माणूस ना धड नोकर, ना धड शेतकरी.

आंबेडकरांनी भाषणात या स्थितीचे वर्णन केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मसुद्यात उत्तर लिहून दिले. ज्या वतनदाराला या बांधिलकीतून सुटावयाचे असेल, त्याने जमिनीचा पुरा सारा भरावा आणि जमीन त्याच्याकडे राहून चाकरीतून तो मोकळा व्हावा. बलुत्याच्या जागी पैशाचा कर बसवावा आणि तो सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून वतनदारास द्यावा. कोणाची कोणती कामे, ते नियमाने ठरवावे. पाहा, येथे ‘अन्याय दूर करा’ एवढेच म्हटलेले नाही. जमीन कोणाकडे राहील, सारा किती पडेल, पैसे कोण गोळा करील, हे सर्व सांगितले आहे.

विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले. सरकारला वाटले, फुकटासारखी मिळणारी चाकरी गेली तर नोकर ठेवून पगार द्यावा लागेल. गावच्या पुढाऱ्यांना वाटले, बलुत्याऐवजी रोकड कर बसला तर तो चुकविता येणार नाही. दोन्हीकडून ओढाताण झाली आणि विधेयकातला जीव निघून गेला. आपल्या मूळ हेतूला धरून ते राहिले नाही असे पाहून १९२९ साली आंबेडकरांनी ते परत घेतले. मोडके विधेयक मंजूर करवून घेऊन ‘माझ्या नावावर एक कायदा झाला’ म्हणून मिरविणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही.

यानंतर काळ बदलला. १९३५ चा कायदा आला, प्रांतांना स्वायत्तता मिळाली. १९३६ च्या ऑगस्टमध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत या पक्षाने १७ जागा लढविल्या आणि त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. तरी १७५ सभासदांच्या विधानसभेत हे बळ ते कितीसे? जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. प्रांताच्या मुख्य मंत्र्यास त्या वेळी पंतप्रधान म्हणत. सभापतीच्या आसनावर ग. वा. मावळंकर होते, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी तिसरे विधेयक मांडले, ते खोती नष्ट करण्याचे. खोत हा कोकणातला सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारास ठराविक सारा भरावयाचा आणि कुळांकडून आपले वेगळे वसूल करावयाचे, हा त्याचा हक्क. १८८० च्या खोती कायद्याने त्यावर शिक्का बसला होता. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत या पद्धतीने कुळे पिळून निघत होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमिनी कसणेच बंद केले होते, आणि हा शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे टिकला. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षे टिकणे म्हणजे काय, हे ज्याने आठ दिवसांचा संप चालविला आहे त्यालाच कळेल.

विधेयकाचा गाभा दोन ओळींत सांगता येतो. खोती रद्द करावी आणि खोताला त्याच्या गेलेल्या हक्काबद्दल वाजवी भरपाई द्यावी. आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याला जमीन महसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा द्यावा. भरपाईचे कलम पुष्कळ तरुण मित्रांना रुचत नाही. पिळणाऱ्यालाच पुन्हा पैसे कशाला, असे ते विचारतात. त्याचे उत्तर असे की, त्या काळच्या सभागृहात भरपाईवाचून अशा विधेयकाला पहिल्याच पायरीवर अटकाव झाला असता. सभासदाला आपले ध्येय आणि सभागृहाची ताकद, दोन्हींचा हिशेब ठेवून कलम लिहावे लागते.

१० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि अन्य जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कौन्सिल हॉल म्हणजे गेटवेजवळची ती जुनी इमारत, जेथे आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. त्या मोर्च्यात आंबेडकरांबरोबर शामराव परुळेकर होते, इंदुलाल याज्ञिक होते. शिष्टमंडळ पंतप्रधान खेरांना भेटले. माझ्या मते या मोर्च्याचे वैशिष्ट्य त्याच्या संख्येत नाही; मोर्चे त्या आधीही निघाले होते. त्या शेतकऱ्यांच्या मागणीमागे सभागृहात रीतसर मांडलेला, छापलेला मसुदा होता, ही त्यातली नवी गोष्ट. केवळ मागणीला ‘विचार करू’ असे उत्तर देता येते. विधेयकाला तसे उत्तर देता येत नाही. कोणते कलम मान्य, कोणते अमान्य, आणि का, हे सांगावे लागते. म्हणूनच पुष्कळदा सरकारे विधेयकाला उत्तर देण्याऐवजी त्याला वेळच देत नाहीत. हे विधेयकही पुढे सरकले नाही. ते मंजूर झाले नाही आणि खोती तूर्त तशीच राहिली.

आता चौथे विधेयक. हे सरकारचे, आणि आंबेडकर त्याच्या विरोधात. १९३८ च्या सप्टेंबरात खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. सरकारची बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मंत्रिमंडळाने गिरण्यांतील मजुरीची चौकशी करण्यास समिती नेमली होती, आणि तिच्या शिफारशीप्रमाणे १९३८ च्या आरंभी मजुरीत वाढही मिळाली होती. मजूरखात्याचे संसदीय चिटणीस गुलझारीलाल नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले गृहस्थ. तेथे भांडण लवादाने मिटविण्याची परंपरा होती. संपापूर्वी समेटाचा प्रयत्न सक्तीचा करावा, म्हणजे कामगारांची उपासमार टळेल आणि गिरण्याही चालू राहतील, असे त्यांस वाटत होते. यात वाईट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही.

परंतु कायद्याची परीक्षा हेतूवरून होत नाही, कलमावरून होते. समेटाची ठराविक मुदत संपण्यापूर्वी संप केला तर तो बेकायदेशीर, आणि बेकायदेशीर संप करणाऱ्या कामगाराला शिक्षा, असे त्यात होते. युनियनच्या नोंदणीच्या बाबतीत, मालकाने मान्य केलेल्या युनियनला वाट सोपी आणि मालक ज्याला मानीत नाही अशा युनियनला अवघड, असाही भेद होता.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी आंबेडकर या विधेयकावर बोलले. त्यांचा मुद्दा बॅरिस्टरचा, पण कोणत्याही हमालाला समजेल असा आहे. संप म्हणजे काय? कामगाराने नोकरीचा करार मोडला. करार मोडणे हा दिवाणी स्वरूपाचा दोष झाला. मालकाला नुकसानभरपाई मागता येईल. तो फौजदारी गुन्हा कसा होतो? एखाद्याने त्याच्या इच्छेविरुद्ध काम केलेच पाहिजे, नाहीतर शिक्षा, असे कायद्याने म्हटले, तर ती गुलामगिरीच झाली. कारण इच्छेविरुद्ध करावी लागणारी चाकरी हीच गुलामगिरीची व्याख्या आहे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ. औद्योगिक शांतता हवी असेल तर मालकांनी आपले हिशेब उघड करावेत, आणि संप झाला एवढ्याच कारणाने सरकारने पोलीस मालकाच्या बाजूला उभे करू नयेत, असेही त्यांनी सुचविले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मालकाच्या वह्या बंद, कामगाराचे हातही बांधलेले, आणि समेट करा म्हणावयाचे! बाजारातसुद्धा दोन्ही पारडी दिसल्याशिवाय वजन पटत नाही.

चर्चा नोव्हेंबरपर्यंत लांबली. जमनादास मेहतांसारखे अन्य विरोधी सभासदही झगडले. उपसूचनांमागून उपसूचना आल्या आणि पडल्या. सभागृहात हार दिसत होती. तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे, निंबकर आदि कम्युनिस्ट पुढाऱ्यांची ट्रेड युनियन काँग्रेस यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा निषेध संप केला. एरवी परस्परांवर कठोर टीका करणारी ही माणसे एका कलमासाठी एका व्यासपीठावर आली. गिरण्या बंद राहिल्या, कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, पोलिसांनी गोळीबार केला, कामगार जखमी झाले. आणि कायदा? तो मंजूर झाला. १९३८ चा २५ वा कायदा.

म्हणजे चारांपैकी जमेस एकच. मग या सभासदाने मिळविले काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर पुढच्या सालांत आहे.

खोती नष्ट करण्याचा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला. विधेयक मांडल्यापासून बारा वर्षांनी. जुन्या मुंबई प्रांतातील कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षांनी. १९३८ च्या कलह कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली, पण ‘कामगारांच्या वतीने बोलणारा कोण, हे कोणी ठरवावयाचे’ हा प्रश्न तसाच राहिला. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा १९४६ चा हा कायदा रद्द करा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. कारण कामगार एका बाजूस आणि कायद्याने ठरविलेली प्रातिनिधिक युनियन दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती होती. १९३८ साली सभागृहात दाखविलेली फट चव्वेचाळीस वर्षांनी एवढी रुंदावली.

पडलेल्या विधेयकामुळेच पुढचे कायदे झाले, असा दावा मी करीत नाही. स्वातंत्र्य आले, प्रौढ मतदान आले, शेतकऱ्यांच्या चळवळी झाल्या. कारणे अनेक आहेत. परंतु एवढे निश्चित की, जो प्रश्न एकदा कलमांच्या भाषेत सभागृहाच्या दप्तरात नोंदला गेला, तो ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ म्हणून टाळता येत नाही. कोणी विरोध केला, काय कारण दिले, तेही तेथे छापून राहते. विधेयक पडते तेव्हा फक्त मते पडतात. युक्तिवाद शिल्लक राहतो आणि तो पुढच्या माणसाच्या हाती येतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वरील सारे मुंबई प्रांतात चालले असता जालना निजामाच्या राज्यात होते. कारखानदारी म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, जवळ औरंगाबादची गिरणी. खेड्यांत वेठबिगार आणि बलुते तेच, जे पलीकडे होते. परंतु लोकांनी निवडून दिलेले आणि सरकारला जाब विचारू शकणारे सभागृह येथे नव्हते. पलीकडच्या महाराने आपला प्रश्न विधेयकात लिहिलेला पाहिला. इकडच्या महाराला ती सोय नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी सत्ता संपली, १९५२ साली प्रौढ मतदानाने हैदराबाद विधानसभा निवडली गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जे सभागृह आपल्या आजोबांना मिळाले नाही ते आपल्याला मिळाले. त्याचा उपयोग किती करतो, हा आपला प्रश्न आहे.

उपयोग होतो, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा केला. पाठीवर पोते वाहणाऱ्या आणि कोणत्याच एका मालकाच्या हजेरीवर नसणाऱ्या माणसाला मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी मिळू शकतो, हे त्या कायद्याने दाखविले. परंतु कलम लिहिले म्हणजे काम संपत नाही. काही वर्षांपूर्वी बियाणे निवडण्याच्या कामावर असलेली एक गरोदर बाई माझ्याकडे आली. तिला रजेचा पगार हवा होता. कायदा तिच्या बाजूचा होता; मागील वर्षात ८० दिवसांचे काम पुरे होते, आणि तिने त्याहून कितीतरी जास्त केले होते. पण हजेरीपत्रकावर तिचे नावच नव्हते. ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत फक्त ‘बाया बारा’ अशी नोंद होती. त्या बारांतली ही कोणती, ते कायद्याला दिसेना. १९२८ साली सभागृहात जिंकलेली गोष्ट एका वहीतल्या दोन शब्दांनी हरली. असे हरणे टाळावयाचे, तर हजेरी कोणी ठेवावयाची, न ठेवल्यास काय, हे कलमही तितक्याच बारकाईने लिहावे लागते आणि त्याचा अंमल तपासावा लागतो.

आणि हा विषय जुना झालेला नाही. २०२० च्या सप्टेंबरात संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक कलह कायदा, हे तिन्ही तिने आपल्या पोटात घेतले. त्याच वेळी आणखी दोन कामगार संहिता मंजूर झाल्या. २२ तारखेस लोकसभा, २३ तारखेस राज्यसभा. विरोधी बाकांवरील बहुतेक सभासद बहिष्कारामुळे बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अंमलात आल्या आहेत. आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी १४ दिवसांची सूचना देणे बंधनकारक आहे, आणि वाटाघाटीसाठी एकमेव युनियन ठरावयास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ही कलमे चांगली की वाईट, यावर या सभागृहात मतभेद असतील. माझे मत आपण ओळखलेच असेल. पण एक तुलना आपण सर्वांनी करावी. १९३८ साली, बहुमत खात्रीचे असताही, सरकारला एका विधेयकासाठी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत विरोधकांचे ऐकून घ्यावे लागले. २०२० साली तीन संहितांना दोन दिवस पुरले. सरकारने घाई केली हे खरे. विरोधकांनी बाक सोडले हेही खरे. बाक सोडल्याने निषेध नोंदला गेला असेल, पण कलमांवरचा युक्तिवाद मात्र दप्तरात आला नाही. उद्या ज्याला ही कलमे बदलावयाची असतील त्याच्या हाती १९३८ सारखे कागद नसतील.

म्हणून शेवटी माझी आपणांस एक साधी विनंती आहे. पुढच्या अधिवेशनाहून आपले आमदार परत येतील तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारा. या अधिवेशनात कोणत्या विधेयकावर आपण बोललात? कोणत्या कलमाला उपसूचना दिलीत? आणि ती पडली असल्यास, तिच्या विरुद्ध काय कारण दिले गेले? प्रश्न पक्ष न पाहता विचारा, आणि नम्रपणे विचारा; पण पुन्हा पुन्हा विचारा. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तान्त छापलेले असतात. ते आपल्या वाचनालयांनी मागवावेत, आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्या वाचनास द्यावी. सळईच्या कारखान्यातला भट्टीवाला, मोंढ्यातला हमाल, शाळामास्तर आणि दुकानदार एका टेबलाशी बसून एकच कलम वाचत आहेत, असे दृश्य या गावात दिसू लागले, तर ही व्याख्यानमाला सत्कारणी लागली असे मी समजेन.